आपल्याच झाडाचा नारळ

नेलिस सापुलेतेने उभ्या जन्मात एकच चोरी केली, आणि तीही स्वतःच्या झाडाची. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे बापड्याला. समुद्रकाठच्या आमच्या हातुरिमा गावात कोणी हसत नाही, कारण इथे सासी, म्हणजे बागांची बंदी, लागली की झाड तुमचं, पण नारळ तुमचा नाही. ईस्टर झाला की पाळकबाई चर्चमध्ये प्रार्थना करून बागा बंद करतात, वाटेच्या तोंडाशी कोवळी झावळी गुंडाळलेला लाकडी क्रूस रोवतात, आणि तिथून थेट डिसेंबरात सासी उघडेपर्यंत गावातल्या एकाही नारळाला कोणी हात लावायचा नाही. झाडावरच्याला नाही आणि खाली पडलेल्यालाही नाही. पडलेला तिथेच पडून राहतो, फार तर डुकरं खातात. डुकरांना सासी नाही.

आणि ही सासी राखणारा कोण? तर हाच नेलिस. सत्तावीस वर्षं तो राखणदार होता, त्याच्याआधी त्याचा बाप. रोज उजाडता उजाडता कमरेला कोयता लावून तो सगळ्या बागा फिरून यायचा. कोणत्या झाडाला किती पेंडी लागल्यात ते त्याला तोंडपाठ. एकदा सख्ख्या मेहुण्याला त्याने एका नारळावरून असं झाडलं की मेहुणा दोन वर्षं त्याच्या पायरीवर चढला नाही. रविवारी काळा कोट घालून तो मंडळीच्या पंचांबरोबर पहिल्या बाकावर बसायचा, ताठ. त्याची बायको वेल्मिना म्हणायची, "देवानं ह्यांना कान दिलेत ते फक्त नारळ पडल्याचा आवाज ऐकायला. बायकोची हाक मेली कधी पोचतच नाही."

माणूस वाईट होता असं नाही. पण आपण कधी चुकत नाही ह्याचा त्याला फार अभिमान होता, आणि तो अभिमान सार्लोताला भोवला.

सार्लोता सौहोका ही गावाच्या वरच्या अंगाला राहणारी विधवा. दोन वर्षांपूर्वी ऐन सासीत तिची म्हातारी सासू आजारी पडली. नारळाच्या दुधाशिवाय तिच्या घशाखाली पेज उतरेना. सार्लोताने खाली पडलेले तीन नारळ उचलले आणि टोपलीत सरपणाखाली घातले. वाटेत नेलिस भेटला. त्याने टोपली उपसली. पुढच्या रविवारी सार्लोताला मंडळीसमोर उभं केलं, आणि काळ्या कोटातला नेलिस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बंद केलेल्याला जो हात लावतो त्याला देव सोडत नाही." महिनाभरात झऱ्यावर घसरून सार्लोताचा पाय मोडला. नीट जुळलाही नाही. सगळ्या गावाने माना डोलावल्या. नेलिस तर तिच्या खाटेपाशी जाऊन सांगून आला, "बघ, म्हटलं होतं की नाही?" असं बोलवतं तरी कसं माणसाला! पण बोलला. तेव्हापासून सार्लोता लंगडत यायची आणि शेवटच्या बाकावर बसायची.

आता ह्या ऑगस्टची गोष्ट. त्या दिवशी सकाळी वेल्मिनाने नुसता उकडलेला कसावा पुढे ठेवला.

"कोरडाच?" नेलिस म्हणाला.

"मग? नारळ नाही तर रस्सा काय समुद्राच्या पाण्याचा करू? तुमच्या सासीला विचारा."

"तोंड सांभाळ. ती देवाची सासी आहे."

"देव येऊन खाणार असेल तर त्यालाही कोरडाच वाढते!"

नेलिस न खाता उठला. रागाच्या भरात सगळ्या बागा पालथ्या घातल्या, आणि उन्हं चढल्यावर खडकाच्या टोकाशी त्याच्या बापाने लावलेल्या झाडापाशी आला. हे झाड वाकडं होऊन वाळूवर ओणवलेलं, हात वर केला की पेंडीला लागतो. घसा कोरडा पडला होता. आणि त्याचा हात वर गेला. त्याने काही ठरवलं नव्हतं, मनाशी काही सबबही सांगितली नव्हती. हेच त्याला पुढे सगळ्यात जास्त छळत राहिलं. सत्तावीस वर्षं राखलेली गोष्ट मोडताना निदान थोडी झटापट तरी व्हायला हवी होती की नाही? काही झालं नाही. कोयता चालला, शहाळं हातात आलं, आणि त्याच घावासरशी शेजारचा एक पक्का नारळ धप्पकन वाळूत पडला.

शहाळं त्याने गटागटा प्यायलं. पाणी इतकं गोड होतं की त्याने डोळे मिटले.

तेवढ्यात वरच्या वाटेने कोणीतरी खाकरलं. रिकामं शहाळं त्याने समुद्रात भिरकावलं, पक्का नारळ पायाने ढकलत खडकामागच्या मऊ मातीत दाबला, वर वाळक्या झावळ्या ओढल्या, आणि वळून उभा राहिला. सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन सार्लोता लंगडत येत होती.

"आज इथंच थांबलात, बापा?" ती म्हणाली. गावातल्या वडीलधाऱ्यांना आम्ही बापाच म्हणतो.

"हं. राखण चाललीय."

"सगळं ठीक?"

"सगळं ठीक," नेलिस म्हणाला.

ती गेली.

आता बघा, त्याला एका गोष्टीची बालंबाल खात्री होती: शिक्षा होणार. संध्याकाळपर्यंत होईल असं त्याने धरलं होतं. त्या दिवशी तो होडीत बसला नाही. घराच्या शिडीवर चढला नाही. झऱ्याच्या दगडांवरून एकेक पाऊल चाचपत चालला. वेल्मिना बघतच राहिली. "काय हो, कंबर धरली का?" रात्री तो निजला तो उद्या उठू की नाही ह्या धास्तीने, आणि सकाळी उठला तर त्याचा गुडघा, जो चार वर्षं दुखत होता, तो दुखेनासा झाला होता.

तो गोंधळला. गुडघा दाबून बघितला. कुठेच कळ नाही.

पुढच्या आठवड्यात किनाऱ्याला माशांची एवढी झुंड लागली की नेलिसच्या होडीला दोन खेपा कराव्या लागल्या. शेजारी म्हणाले, "बापा, देव प्रसन्न आहे तुमच्यावर." नेलिसने दात काढून दाखवले आणि घरी येऊन ओकला. वाईट घडेल म्हणून तयारी करून बसलेल्या माणसावर चांगलं घडायला लागलं की त्याने करायचं तरी काय? सार्लोताने तीन पडके नारळ घेतले, तेही आजारी म्हातारीसाठी, तर तिचा पाय गेला. आपण झाडावरचं शहाळं उगाचच तोडलं, तर आपला गुडघा बरा! त्याला हे कुठूनच जुळेना. देवाचा काही घोटाळा झालाय का? का त्या दिवशी देवाचं लक्ष नव्हतं? का आपण सत्तावीस वर्षं दुसऱ्याच कोणाची राखण करत होतो?

सप्टेंबरात आंबोन शहरातून मुलीचा फोन आला. योसिना. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पोटी काही नव्हतं.

"आई, दिवस गेलेत!"

वेल्मिना फोन हातात घेऊन अंगणात नाचली. मग तिने नेलिसला ओढत प्रार्थनेच्या मेजापाशी नेलं. आमच्या प्रत्येक घरात असतं तसं ते मेज, पांढरा कपडा घातलेलं, वर पांढरी बशी. काही मागायचं असलं, आभार मानायचे असले, घरात भांडण मिटवायचं असलं, की त्या बशीसमोर उभं राहायचं. खोटं बोलून तिथं उभं राहता येत नाही.

"तुम्ही करा प्रार्थना," वेल्मिना म्हणाली. तिचे डोळे वाहत होते.

"तूच कर. माझा घसा बसलाय."

"मघाशी तर बकरीवर ओरडत होतात!"

"तूच कर म्हटलं ना!"

आणि ती प्रार्थना करत असताना नेलिसच्या मनात ते आलं. आता कळलं, त्याला वाटलं. गुडघा नाही, होडी नाही, जाळं नाही. शिक्षा त्या बाळासाठी राखून ठेवली आहे.

त्या दिवसापासून त्याचं जेवण सुटलं. पापेदाची, म्हणजे साबूच्या चिकट पेजेची, वाटी पुढे आली की दोन घास गिळायचा आणि बाकीचं कुत्र्याला. काळा कोट अंगावर लोंबायला लागला. मनात एकच घोळायचं. सासी उघडायच्या रविवारी पाळकबाई राखणदाराला मंडळीसमोर उभं करून विचारतात, "बंद केलेलं बंद राहिलं का?" राखणदार म्हणतो, "राहिलं." मग क्रूस काढतात आणि बागा उघडतात. सत्तावीस वेळा त्याने हा शब्द उच्चारला होता. ह्या वेळी 'राहिलं' म्हणावं तर देवाच्या तोंडावर खोटं, आणि बाळाचं काय होईल कोण जाणे. 'नाही' म्हणावं तर कोट गेला, पहिला बाक गेला, बापापासून चालत आलेली राखण गेली, आणि सार्लोता उभी होती त्या फरशीवर आपण.

शेवटी नोव्हेंबरात तो पाळकबाईंकडे गेला. फेबी राहाकबाउ ही 'काय' नावाच्या बेटांवरची पोरसवदा बाई, वर्षापूर्वीच आमच्याकडे आलेली. मागच्या दारी बसून ती मासे साफ करत होती.

"पाळकबाई, एक माणूस आहे," नेलिस म्हणाला.

"कुठला?"

"दुसऱ्या गावचा. त्यानं सासी मोडली. पण त्याला काहीच झालं नाही."

"मग बरं झालं की."

"बरं कसं? व्हायला नको का काहीतरी?"

बाईंनी सुरी खाली ठेवली. "तुमची इच्छा आहे का, त्याचं काही वाईट व्हावं?"

"इच्छा नाही हो... म्हणजे... झालं तर सुटेल बिचारा. नुसतं चांगलंच होतंय त्याचं. त्याचं डोकं फिरायची वेळ आलीय."

"बापा, बागा बंद करताना मी प्रार्थना करते ती तुम्ही ऐकता ना? सगळ्यांना पुरेसं पिकू दे, कोणाचा हात कोणाच्या वाट्याला न जावो. त्यात मी कधी म्हटलंय का, की देवा, हात लावणाऱ्याचं हाड मोड?"

नेलिसने आठवून बघितलं. नव्हतं म्हटलं. ते त्याचा बाप म्हणायचा, आणि मग तो म्हणायला लागला.

"मग सार्लोताचा पाय का मोडला?" त्याच्या तोंडून निसटलं.

"मला नाही माहीत. मी तेव्हा इथे नव्हते. तिला विचारलंय का कोणी?"

गावात हे कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"त्या दुसऱ्या गावच्या माणसाला सांगा," बाई परत मासा हातात घेत म्हणाल्या, "प्रभू त्याच्या पाठीमागे काठी घेऊन फिरत नाहीये. तो घाबरून पळतोय म्हणून त्याला तसं वाटतंय. आणि त्याला म्हणावं, जेवत जा."

नेलिस घरी आला तो आणखीच गोंधळून. काठी नाही? मग मी इतकी वर्षं लोकांना काय दाखवत होतो?

सासी उघडायच्या आदल्या आठवड्यात तो पहिल्यांदा त्या खडकामागे गेला. नारळ तिथे नसेल, डुकरांनी केव्हाच उकरला असेल, अशी त्याला आशा होती. झावळ्या बाजूला केल्या, आणि तो मटकन खाली बसला. नारळाला कोंब आला होता. हातभर उंच, हिरवागार, वर दोन पानं सरळ आभाळाकडे. चार महिने इकडे तो वाळत चालला होता, आणि हा इथे अंधारात बसून वाढत होता.

त्याने कोंबाला धरलं. उपटावा आणि समुद्रात टाकावा, कोणाला पत्ता लागणार नाही. पण हाताने ओढवेना. पानं कोवळी होती, बोटांना गार लागली.

"हे काय आहे आता?" तो मोठ्याने म्हणाला. "साक्षीदार पाठवलास का माझ्यावर? का हेही चांगलंच समजायचं? काहीतरी एक सांग की रे, प्रभू!"

लाटा येत होत्या. बराच वेळ बसून नेलिसने झावळ्या काढल्या त्या काढल्याच, परत कोंबावर घातल्या नाहीत.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. नारळ उघडणार, घरोघर रस्से शिजणार, सगळे खुशीत. पाळकबाईंनी विचारलं, "राखणदार, बंद केलेलं बंद राहिलं का?"

नेलिस उभा राहिला. वेल्मिना बायकांच्या बाजूने कोटाची कॉलर नीट करा म्हणून खुणा करत होती.

"नाही," नेलिस म्हणाला.

कुजबुज सुरू झाली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटच्या बाकाकडे तर दहा माना वळल्या.

"तिकडं काय बघताय?" नेलिस ओरडला. "मी मोडली. ऑगस्टात. एक शहाळं तोडून प्यायलो, आणि एक पक्का नारळ पुरून ठेवला."

"कोणाच्या झाडाचा?" पंचांपैकी म्हाताऱ्या पीतने विचारलं.

"माझ्याच."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच जण हसले. "अरे, बापानं लावलेलं झाड, एक शहाळं! बस खाली, नेलिस," पीत म्हणाला. "उन्हात फिरतोस आमच्यासाठी, तहान लागायचीच. उघडा हो सासी."

चार महिने त्याला भीती होती की हे लोक त्याला कधी सोडणार नाहीत, आणि आता ते चुटकीसरशी सोडायला निघाले होते! त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्याला संताप आला, आणि संतापाच्या खाली लाज, इतकी की कान तापले.

"सार्लोताला कोणी म्हणालं होतं का, बस खाली?" त्याचा आवाज फाटला. "तिनं पडलेले घेतले होते. म्हातारीसाठी. मी तिला इथं उभं केलं. तिचा पाय मोडला तर तिच्या खाटेपाशी जाऊन म्हणालो, देवानं मोडला. मला काय माहीत होतं? मी तर तिच्याहून वाईट वागलो, तरी माझं काही मोडलं नाही. माझा गुडघा बरा झाला! मला ह्यातलं काही कळत नाही. एवढंच कळतं की देवाच्या नावानं मी तिला जे बोललो ते खोटं होतं. सार्लोता, मला माफ कर."

आता कोणी हसत नव्हतं. सार्लोता बाकाला धरून उठली.

"बापा, माझा पाय शेवाळावरून घसरून मोडला," ती म्हणाली. "झऱ्याच्या पायऱ्यांवर बोटभर शेवाळ आहे. मी तेव्हाच सांगत होते. कोणी ऐकलंच नाही, सगळ्यांना देवच मधे आणायचा होता." मग म्हणाली, "माफ आहे. आणि तो पुरलेला नारळ टाकू नका. कोंब आला असेल तर मला द्या, दारात लावते."

पाळकबाई खाली आल्या, नेलिसच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. आता काहीतरी थोर वाटेल म्हणून नेलिस वाट बघत राहिला. त्याला भूक लागली. चार महिन्यांत पहिल्यांदा, अशी कडकडून की पोट सगळ्यांदेखत गुरगुरलं.

मंडळीने राखण दुसऱ्याकडे दिली. काळा कोट नेलिसने स्वतःच घडी घालून पेटीत ठेवला. तो कोंब नातवंडाच्या नावाने आपल्या अंगणात लावायचा असं वेल्मिनाने मनात धरलं होतं, त्यावरून दोन दिवस धुसफूस झाली, पण नेलिसने तो सार्लोताच्या दारात नेऊन लावला. एप्रिलात योसिनाला मुलगी झाली, धडधाकट. नेलिसने आंबोनला जाऊन तिची वीसही बोटं मोजली, मग आणखी एकदा मोजली, आणि घरी येऊन पांढऱ्या बशीसमोर उभा राहिला. काय म्हणायचं ते सुचेना. "मला कळलं नाही, पण थँक्यू," असं म्हणाला. वेल्मिनाने ते ऐकलं आणि महिनाभर त्याची नक्कल करत राहिली.

आता दर शनिवारी सकाळी तो झऱ्यावर असतो. गुडघे टेकून, नारळाच्या काथ्याने आणि वाळूने पायऱ्यांवरचं शेवाळ घासतो. कोणी सांगितलं नाही, आपणहून. एकदा सार्लोता पाण्याला आली आणि वरच्याच पायरीवर थांबली.

"बापा, एक सांगू? त्या दिवशी तुमच्या शर्टावर ओघळ होता. शहाळ्याचं पाणी मला कळत नाही होय?"

नेलिसचे हात थांबले. "तुला माहीत होतं?"

"समुद्रात टाकलेलं तरंगत होतं की! नजर धड आहे माझी, पाय तेवढा गेलाय."

"चार महिने! मग बोलली का नाहीस? मला उभं करायची संधी होती तुला."

"मी उभी होते ना तिथं," सार्लोता म्हणाली. "कसं वाटतं ते ठाऊक आहे. म्हटलं, माझ्यामुळे तरी दुसऱ्या कोणावर ते नको."

चार महिने तो काठीची वाट बघत होता, आणि चार महिने ही बाई गप्प बसून होती. त्याला रडू कोसळलं. आपण नक्की कशासाठी रडतोय हे त्याला धड कळेना, पण रडू थांबेना. काथ्या हातात धरून तो तसाच हमसत राहिला. सार्लोताने घागर खाली ठेवली आणि थांबली.

"रडून झालं की खालची तिसरी पायरी बघा," ती म्हणाली. "तिथंच घसरले होते मी."

नेलिसने बाहीला नाक पुसलं, आणि तो तिसऱ्या पायरीवर उतरला.